घरातलं पाणी जातं कुठे?

घरात पाणी कुठून येतं, हे शाळकरी पोरालाही सांगता येतं. वापरून झालेलं पाणी जातं कुठे, असं विचारलं की मात्र घरातली कर्ती माणसंही थबकतात. "मागं सेफ्टी टाकी आहे ना," एवढ्यावर विषय संपतो. त्या टाकीत काय होतं, तिच्या दुसऱ्या तोंडातून काय बाहेर पडतं आणि ते पुढे कुणाच्या विहिरीकडे सरकतं, याची चौकशी सहसा होत नाही.

मोठ्या शहरांच्या मध्यवस्तीत हा प्रश्न पडला नाही तरी चालून जातं. घराबाहेर पडलेलं सांडपाणी भुयारी गटारात जातं आणि तिथून पुढची जबाबदारी महापालिकेची असते. पण आपली खेडी, बहुतेक तालुक्याची गावं, कोकणातल्या वाड्या आणि शहरांच्या वेशीवर वाढलेल्या प्लॉटिंगच्या वसाहती यांच्याखाली भुयारी गटार नाही. तिथे मैला आणि सांडपाणी घरमालकाला स्वतःच्या आवारातच निकालात काढावं लागतं. ते नीट निकालात निघालं नाही, तर त्याची किंमत शेजारी मोजतो आणि पावसाळ्यात सगळं गाव मोजतं.

या प्रकरणात आपण घराच्या जोत्याखालचा हा भाग नीट पाहणार आहोत. तो अवघड नाही. मात्र काही साध्या गोष्टी बांधकामाच्या वेळीच पाळाव्या लागतात, कारण एकदा माती लोटून वर फरशी पडली की दुरुस्ती महागात जाते.

दोन पाणी, दोन वाटा

जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं माप धरलं आहे. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर झाले. त्यातलं साधारण ८० टक्के पाणी वापरून पुन्हा बाहेर येतं, असं अभियंते धरतात. म्हणजे रोज २२० लिटर, सुमारे अकरा हंडे सांडपाणी.

या सांडपाण्यातला मोठा वाटा न्हाणीचा, धुण्याचा आणि भांड्यांचा. संडासातून येणारं पाणी त्या मानाने थोडं, पण रोगजंतूंचा जवळजवळ सगळा साठा त्यात असतो. कॉलरा, विषमज्वर, कावीळ, जंत यांचा प्रवास तिथूनच सुरू होतो. म्हणून पहिला नियम असा, की ही दोन पाणी एकत्र करू नयेत. न्हाणीचं पाणी संडासाच्या खड्ड्यात सोडलं की खड्डा कायम पाण्याने भरलेला राहतो आणि मैला कुजायला उसंत मिळत नाही. टाकीत सोडलं, तर मैला खाली बसण्याआधीच पाण्याच्या लोंढ्याबरोबर बाहेर ढकलला जातो. दोन नळ टाकायचा खर्च वाचवण्यासाठी एकच नळ टाकणं ही घरोघरी होणारी चूक आहे.

दोन खड्ड्यांचा संडास

ज्या घराला थोडी मोकळी जागा आहे आणि जमीन पाणी पिते, त्या घरासाठी दोन शोषखड्ड्यांच्या संडासाइतकी चांगली सोय दुसरी नाही. खर्च कमी, देखभाल नाममात्र आणि शेवटी हातात खत.

भांड्यापासून निघालेला नळ एका लहान चेंबरमध्ये येतो. तिथून इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा एकेका खड्ड्यात जातो. एका वेळी एकच खड्डा वापरायचा, दुसऱ्याचं तोंड वीट आणि मातीने बंद ठेवायचं. पाच माणसांच्या घराला साधारण एक मीटर व्यासाचा आणि मीटर-सव्वा मीटर खोलीचा खड्डा पुरतो. आतलं वीटकाम जाळीदार असतं, विटांमध्ये फटी सोडलेल्या असतात. तळाला काँक्रीट करायचं नाही, भिंतीला गिलावा करायचा नाही. पाणी आणि मूत्र त्या फटींतून जमिनीत मुरतं, वायूही आजूबाजूच्या मातीत जिरतो, त्यामुळे वर वायुनळी लागत नाही. उभ्या उताराचं ग्रामीण भांडं असेल, तर दीड-दोन लिटर पाण्यात ते स्वच्छ होतं.

पहिला खड्डा भरायला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात. भरला की चेंबर उघडून वाट बदलायची आणि भरलेला खड्डा झाकून किमान दीड-दोन वर्षं तसाच ठेवायचा. ही मुदत ठरवण्यामागे कारण आहे. बहुतेक जिवाणू काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरतात, पण गोलकृमीची अंडी चिवट असतात, ती मातीत फार काळ तग धरतात. मुदत पुरी झाल्यावर झाकण काढलं की आत काळपट, भुसभुशीत माती दिसते. मुठीत घेतली तर चुरा होतो. वास येतो तो पावसानंतरच्या शेताचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा मैला होता हे पटतच नाही. जुन्या शेतकऱ्यांना हे सोनखत चांगलं ठाऊक आहे. ते झाडांच्या बुंध्याशी घालावं, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना घालू नये.

या रचनेत एक फार मोठी गोष्ट साधली जाते: माणसाला माणसाचा ताजा मैला हाताळावा लागत नाही. महाराष्ट्रात या विचाराला आयुष्य देणारा माणूस म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना मैलासफाईचं काम आपल्याला करू द्यावं, असा आग्रह त्यांनी धरला. तो नाकारला गेला तेव्हा त्यांनी अन्न कमी केलं, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपवास सुरू केला. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारून अप्पांनी मैल्याचं खत करणारे, कुणालाही डोक्यावर पाटी घ्यावी न लागणारे संडास बांधले. गोपुरी संडास हे नाव त्यावरूनच रूढ झालं.

अप्पांचा हा धागा देहूत डॉ. सुहास मापुसकरांनी पुढे नेला. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून ते तिथे आले. पोटाच्या विकारांचे तेच तेच रुग्ण पुन्हा पुन्हा येत, कारण गाव उघड्यावर जात होतं. त्यांनी सुरुवातीला बांधून घेतलेले संडास पावसाळ्यात ढासळले. त्यानंतर अप्पांच्या मार्गदर्शनाने त्यांनी टिकाऊ रचना शोधली, आणि संडासाला जोडलेल्या गोबरगॅससारख्या संयंत्रांवरही आयुष्यभर काम केलं. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. औषधाच्या बाटलीने जे थांबत नव्हतं, ते नीट बांधलेल्या खड्ड्याने थांबतं, हा त्यांच्या कामाचा सारांश.

टाकी म्हणजे काय, आणि काय नव्हे

दोन खड्ड्यांना जागा नसेल किंवा घरात फ्लशचं कमोड असेल, तर लोक सेप्टिक टाकीकडे वळतात. ही कल्पना फ्रान्समधली. वेसूल गावच्या ज्याँ-लुई मुरा यांनी १८६०च्या सुमारास अशी बंद टाकी बांधली आणि १८८१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंग्लंडमधल्या एक्झिटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९०च्या दशकात तिला आजचं रूप आणि नाव दिलं. ती मुंबईतही लगेच पोचली. एकोणिसावं शतक संपता संपता माटुंग्याच्या कुष्ठधामात अशा टाकीतला वायू गोळा करून वापरण्यात आला. जगातल्या बायोगॅसच्या सुरुवातीच्या प्रयोगांत त्याची गणना होते.

टाकीचं काम समजायला सोपं आहे. आत आलेला मैला तीन थरांत विभागतो. जड भाग तळाशी बसतो, तो गाळ. तेलकट आणि हलका भाग वर तरंगतो, ती साय. मधे राहतं ते गढूळ पाणी. हवा नसलेल्या अंधारात जिवाणू गाळ पचवत राहतात आणि त्याचं आकारमान कमी होतं. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही नळांना टी आकाराचा तुकडा लावतात, म्हणजे येणारं पाणी साय ढवळत नाही आणि जाणाऱ्या पाण्याबरोबर साय निघून जात नाही. बाहेरचा नळ आतल्या नळापेक्षा ५० मिलिमीटर खाली हवा. हा टी गवंडी पुष्कळदा गाळतात. शंभर-दोनशे रुपयांचा तुकडा नसल्यामुळे हजारो रुपयांची टाकी निकामी होते.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २४७० या संहितेनुसार पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर असलेली टाकी पुरते, मात्र ती दरवर्षी उपसली पाहिजे. तिच्यात अकराशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. दोन-तीन वर्षांनी उपसायची असेल तर थोडी मोठी. आपल्याकडे मात्र "एकदाच काय ते मोठं बांधून टाका" म्हणत दहा बाय सहा बाय सहा फुटांची टाकी सर्रास होते. तिच्यात दहा हजार लिटर मावतात. एवढा खर्च करून टाकीपुढचा शोषखड्डा मात्र राहून जातो, आणि टाकीचा नळ सरळ रस्त्याकडेच्या गटारात किंवा ओढ्यात निघतो.

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. टाकीतून बाहेर पडणारं पाणी शुद्ध नसतं. टाकी गाळ अडवते, जंतू अडवत नाही. त्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये आतड्यातले जिवाणू लाखांच्या घरात असतात. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात त्याच १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही चालत नाही. टाकी हे अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं काम माती करते, आणि ते शोषखड्ड्याशिवाय होत नाही. मातीच्या कणांना जंतू चिकटतात, अडकतात, उपाशी मरतात. गटारात सोडलेल्या पाण्याला हा संस्कार मिळतच नाही.

टाकीची वायुनळी उंच न्यावी आणि तिच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. क्युलेक्स जातीचे डास टाकीत मुबलक वाढतात, आणि विदर्भातल्या जिल्ह्यांत हत्तीरोग पसरवणारे ते हेच. जाळीचा एवढासा तुकडा सगळ्या आळीला उपयोगी पडतो.

जमिनीला आधी विचारा

शोषखड्डा कुठे चालेल, हे नकाशा नाही, जमीन ठरवते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर बसला आहे. वर कुठे मुरूम, कुठे काळी माती. मुरूम पाणी छान पितो. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून ठेवते. तिथे खड्डा थोडा मोठा खणून वीटकामाच्या बाहेरून फूटभर जाडीचा वाळू-खडीचा वेढा द्यावा लागतो. कातळ उघडा असेल तिथे वेगळा धोका आहे. भेगांतून पाणी न गाळताच झरझर खाली जातं आणि विहिरीत उतरतं. पाणी लवकर जिरतंय म्हणून घरमालक खूश असतो, पण ते मातीतून गाळलं गेलेलं नसतं.

कोकणात जांभा सच्छिद्र, आणि पावसाळ्यात विहिरीचं पाणी काठापर्यंत चढतं. खोल खड्डा अशा वेळी भूजलातच बुडतो आणि मैला थेट पाण्यात मिसळतो. तिथे खड्डा उथळ घ्यावा, जमिनीच्या वर उचलून भोवती मातीचा भराव द्यावा. खड्ड्याचा तळ आणि भूजलाची सगळ्यात वरची पातळी यांत दोन मीटर अंतर राहिलं पाहिजे. हे अंतर उन्हाळ्यात मोजून उपयोग नाही, श्रावणात विहिरीत डोकवावं लागतं.

जमिनीची परीक्षा घरच्या घरी करता येते. शोषखड्डा जिथे आणि जितका खोल घ्यायचा, तिथे हातभर रुंदीचा लहान खड्डा खणा. रात्री त्यात पाणी भरून माती मुरवा. सकाळी पुन्हा थोडं पाणी घालून पट्टी उभी धरा आणि पाणी एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर जागा चांगली. तासाहून जास्त वेळ लागला तर तिथे शोषखड्डा चालणार नाही, दुसरी जागा किंवा दुसरी रचना शोधावी.

विहिरीपासूनचं अंतर हा तडजोडीचा विषय नाही. संहितेनुसार टाकीच्या पाण्याचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट दूर हवा, आणि उताराच्या खालच्या अंगाला. स्वतःच्या विहिरीपासून साठ फूट सोडून शेजाऱ्याच्या बोअरला चिकटून खड्डा घेणं हा शेजारधर्म नव्हे.

मोरीचं पाणी

न्हाणी-मोरीच्या पाण्याला एवढी धास्ती नको. पण ते दारात साचलं की डास होतात, चिखल होतो, भांडणं होतात. या पाण्याचा सगळ्यात चांगला उपयोग परसबाग. केळ, अळू, कर्दळ ही पाणथळ सहन करणारी झाडं त्यावर जोमाने वाढतात. नागपूरच्या नीरी संस्थेने खडीच्या वाफ्यात अशीच पाणवनस्पती लावून सांडपाणी शुद्ध करणारी फायटोरिड नावाची पद्धत विकसित केली आहे. वसतिगृहं, शाळा, सोसायट्यांना ती विशेष उपयोगी आहे.

परसाला जागा नसेल तर शोषखड्डा. नांदेड जिल्ह्याने यात नाव कमावलं. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारं बंद केली आणि डासांना हद्दपार केलं. ही रचना नांदेड पॅटर्न म्हणून राज्यभर गेली. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून मधोमध बाजूंना भोकं पाडलेली सिमेंटची टाकी ठेवतात, भोवती दगड-डबर भरतात, वरून माती जाऊ नये म्हणून झाकतात. पाणी मधल्या टाकीत पडतं, गाळ तिथेच बसतो, पाणी भोकांतून दगडांत आणि तिथून जमिनीत जातं. मधला गाळ हाताने काढता येतो, म्हणून हा खड्डा बरीच वर्षं चालतो. मोरीच्या तोंडाशी जाळी आणि तेलकटपणा अडवणारं लहान चेंबर असलं तर तो आणखी टिकतो. खरकटं आणि भाताची पेज मोरीत गेली की कुठलाही शोषखड्डा तुंबणार.

उपसा

टाकी भरते. भरायलाच हवी, तिचं कामच गाळ साठवणं आहे. गाळ आणि साय मिळून टाकीचा एक तृतीयांश भाग व्यापला की उपसायची वेळ झाली. तपासणी सोपी आहे. लांब काठीच्या टोकाला पांढरं फडकं गुंडाळून ती सरळ तळापर्यंत न्यायची, थोडा वेळ धरून अलगद वर काढायची. फडक्यावर काळा डाग जिथपर्यंत चढला, तेवढा गाळ. हे झाकणाबाहेर उभं राहून करायचं, आत वाकायचं नाही आणि जवळ विडी-काडी पेटवायची नाही.

"आमची टाकी वीस वर्षांत उपसावी लागली नाही," असं लोक कौतुकाने सांगतात. त्याचा अर्थ एवढाच की तळ फुटका आहे, किंवा गाळ वीस वर्षं गटारात वाहून जातो आहे.

उपसा यंत्रानेच व्हायला हवा. टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साचतात, प्राणवायू नसतो. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची ताकदच जाते, त्यामुळे उतरलेल्या माणसाला धोका कळतही नाही. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच कोसळतो. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. २०१३च्या कायद्याने माणसाला अशा धोकादायक सफाईला लावणं गुन्हा ठरवलं आहे, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख रुपये केली. मैला उपसणारी गाडी थोडी महाग पडते म्हणून माणूस उतरवणारा घरमालक त्याच्या जिवाशी खेळतो.

उपसलेला मैला जातो कुठे, हा प्रश्नही घरमालकाचाच आहे. गाडीवाला तो ओढ्यात किंवा कुणाच्या पडीक रानात ओतत असेल, तर आपण घाण फक्त हलवली. साताऱ्यातल्या वाई आणि नाशिकमधल्या सिन्नर या नगरपालिकांनी यावर चांगला तोडगा काढला. घरमालकाच्या तक्रारीची वाट न पाहता साधारण तीन वर्षांतून एकदा, ठरलेल्या पाळीने, प्रत्येक घराची टाकी उपसायची आणि मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा. कर सगळ्यांनी थोडाथोडा भरायचा. मोठं भुयारी गटार न खणताही गाव स्वच्छ राहू शकतं, हे त्यातून सिद्ध झालं. प्रत्येक नगरपंचायतीने आणि जवळच्या गावांच्या गटाने हेच मागितलं पाहिजे.

एवढं करा

नवं घर बांधत असाल तर जोतं आखण्याच्या दिवशीच शोषखड्ड्याची जागा आखा, विहिरी आणि बोअर मोजून. संडासाचा आणि न्हाणीचा नळ वेगळा टाकून घ्या. गवंड्याला टी लावलाय का ते स्वतः पाहा, माती लोटण्याआधी. झाकणं अशी ठेवा की उघडता येतील, त्यांच्यावर फरशी बसवू नका. संडासात ॲसिड आणि फिनेल ओतत राहू नका, कारण टाकीतलं काम करणारे जिवाणू त्याने मरतात.

घर जुनं असेल, तर येत्या रविवारी बादलीभर पाण्यात थोडा गुलाल कालवून संडासात ओता आणि नळाच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन थांबा. रंग गटारात उतरला तर तुमच्या टाकीला शोषखड्डा नाही. तो या पावसाळ्याआधी करून घ्या. खर्च एखाद्या बऱ्या मोबाइलच्या आसपास येतो, आणि त्यावर तुमच्या घरातल्या लेकराचं आणि उताराच्या खालच्या घरातल्या लेकराचं आरोग्य अवलंबून आहे.